गुंडातलं पाणी

आमच्या कुरखेड्याच्या घरात माणसांपेक्षा मासे जास्त होते आणि त्यांतला एकही खायचा नव्हता. याची हळहळ आत्याबाईला शेवटपर्यंत राहिली. बाबा सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचे. मुलूख हिवतापाचा, त्यामुळे दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला लागलेला आणि बोटांना निळे डाग. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून ते गावोगावच्या विहिरींत सोडायचं काम त्या दिवसांत निघालं होतं. हे मासे वाढवायला दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून बाबांनी ती आमच्या ओसरीत केली. सिमेंटच्या दोन टाक्या, चार डबे आणि एक तुटकं घमेलं, सगळीकडे बोटाच्या पेराएवढे मासे वळवळत असायचे. आई नर्स होती. आतल्या एका गावच्या उपकेंद्रात तिची नेमणूक होती, म्हणून ती शनिवारच्या बसने यायची आणि सोमवारच्या पहिल्या बसने जायची. बाकीचे दिवस घर चालवायची ती आत्याबाई, बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती सासरहून आमच्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी आणि पाणी भरायचा एक तांब्याचा गुंड आला होता. पेटीत काय होतं ते मी कधी पाहिलं नाही, पण गुंड मात्र साऱ्या घराचा झाला.

मोठ्या पोटाचा आणि आखूड गळ्याचा तो गुंड ओसरीतल्या घडवंचीवर बसलेला असायचा. एक दिवसाआड सकाळी आत्याबाई तो अंगणात नेऊन चिंच आणि राखेने घासायची. तो आवाज मला अजून आठवतो, आधी खरखर, मग पाणी ओतल्यावर येणारा घुमारा. घासून झाला की तिच्या हाताला दिवसभर चिंचेचा आणि तांब्याचा मिळून एक आंबूस वास यायचा, आणि त्याच हाताने ती आम्हाला भात वाढायची. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी सकाळी प्यायचं, हा तिचा एकमेव वैद्यकीय सिद्धांत. दवाखान्यात नोकरी करणाऱ्या भावापुढे आणि नर्स असलेल्या भावजयीपुढे तो ती बिनदिक्कत मांडायची. पोट दुखलं, गुंडातलं पाणी. परीक्षा आली, गुंडातलं पाणी. गल्लीतल्या एखाद्या पोरीला दिवस गेले की आत्याबाई रोज सकाळी तिच्या घरी झाकून एक तांब्या पोचवायची. आईला यात काही वाईट दिसत नसे. तेवढीच बाई पाणी तरी पिते, म्हणायची.

सुभद्राबाई ढिवरीण आठवड्यातून दोनदा डोक्यावर मासळीची टोपली घेऊन यायची. तिच्याकडचे ओले झिंगे आत्याबाई वांग्यात टाकायची, अंबाडीत टाकायची, काहीच नसलं तर नुसते कांद्यावर परतायची. एका सकाळी ती सुपात झिंगे निवडत बसली होती आणि मी बाजूला उगाच लुडबुड करत होते. त्यांत एक झिंगा जिवंत होता. उचलून उजेडात धरला तर त्याच्या पोटाखाली हिरवट दाण्यांचा घोस, आणि त्या दाण्यांना तो आपल्या इवल्या पायांनी वारा घालत होता. सुपात मरायला पडलेला, तरी वारा घालणं चालूच.

"हे काय हाय, सुभद्राबाई?"

"गाभोळी आहे, पोरी. खायाले चांगली लागते."

"म्हंजे अंडी? याच्यातून झिंगे निंघतात?"

सुभद्राबाई हसली. "झिंगे का अंड्यातून होतात? धानाचं तनीस बोडीत सडते, त्याच्यावर पाऊस पडला का आपोआप होतात झिंगे. मायी आजी सांगे."

"हाव तं," आत्याबाई म्हणाली. "उन्हाळ्यात बोडी कोरडीठाक राहते. मंग पाऊस आला का एवढे झिंगे कुठून येतात, सांग बरं?"

बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं; ते दर उन्हाळ्यात आटलेलं आणि त्यात तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, पडलेला मीही पाहिलं होतं. दोघींच्या वयाची बेरीज शंभराच्या पुढे, आणि दोघींनी जन्मभर झिंगे पाहिलेले. मी तेरा वर्षांची. पण तो वारा घालणारा झिंगा डोळ्यांपुढून हलेना. जे आपोआप होतं त्यासाठी कोणी इतकी मेहनत कशाला करील? मी त्याला, म्हणजे तिला, उचललं आणि गप्प्यांच्या टाकीत सोडलं. झिंग्याची पिल्लं निघताना आपल्या डोळ्यांनी पाहायची, एवढा एकच ध्यास मग मला लागला. अभ्यासाची वही होती, तिच्या मागच्या पानांवर मी रोज लिहू लागले.

पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही. पंधराएक दिवसांनी पोटाखालचे दाणे नाहीसे झाले आणि टाकीत गप्पी तेवढे जास्तच गुबगुबीत दिसू लागले. बाबांनी सांगितलं, पिल्लं निघाली असतील पण गप्प्यांनी ती गट्टम केली. डासांच्या अळ्या खायला पाळलेले मासे, ते झिंग्यांची पिल्लं थोडीच सोडणार? म्हणून वेगळी काच हवी झाली. चौकात हनीफभाई तसबिरींना चौकटी आणि काचा बसवून द्यायचे. दवाखान्यातल्या मोडीत निघालेल्या कपाटाच्या काचा बाबांनी त्यांच्याकडे नेल्या, आणि हनीफभाईंनी पत्र्याच्या चौकटीत पुट्टी भरून त्यांची हातभर लांबीची पेटी करून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच पाणी राहील अशी तसबीर केली, म्हणाले. ती दोनदा गळली, तिसऱ्यांदा टिकली. तळाला सती नदीची रेती, त्यावर बोडीतलं शेवाळ आणि एक वाळकं पळसाचं पान. ते पान झिंग्यांनी आठ दिवसांत असं खाल्लं की नुसती जाळी उरली. सुभद्राबाईच्या टोपलीतून निवडलेले दहा-बारा झिंगे त्या पेटीत राहू लागले, आणि पेटी ठेवली घडवंचीच्या शेजारी, कारण ओसरीत तेवढीच जागा रिकामी होती.

"लोकं झिंगे शिजवतात, आमची पोट्टी त्याइले शाळा शिकवून राह्यली," असं आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण मी शाळेत गेले की ती पेटीपुढे स्टूल घेऊन बसते, हे मला लवकरच कळलं, कारण काचेवर तिच्या नाकाचा ठसा असायचा. एक दिवस मी घरी आले तर ती तोंड पाडून दारातच उभी. "मोठी गेली तुयी," म्हणाली. पेटीतल्या सगळ्यात थोराड झिंग्याचं हे नाव. तळाशी खरोखरच एक झिंगा आडवा पडला होता, मिशांसकट, पायांसकट. मी रडवेली होऊन तो चमच्याने बाहेर काढला तर हलका, पोकळ, काचेसारखा आरपार. आणि मोठी शेवाळाआड लपून बसलेली, चांगली जिवंत. तिने कात टाकली होती. आत्याबाईने ती कात तळहातावर घेऊन दिवसभर मिरवली. हनीफभाईंना दाखवली, दुधवाल्याला दाखवली, बाबा आल्यावर त्यांना भिंग आणायला लावलं. "मिशीची बी कात हाय, पाह्य ना रे," असं ती भावाला चार वेळा म्हणाली. माणसाला पन असं जमलं असतं तर बरं होतं, असंही म्हणाली, पण ते हळू.

मग काही दिवसांत दोघी पोटुश्या झाल्या, मोठी आणि एक लंगडी. शनिवारी आई आली तशी आत्याबाईने तिला हातपाय धुवायच्या आत पेटीपुढे बसवलं. आईने नर्सच्या गंभीरपणाने दोघींना पाहिलं. दाण्यांचा हिरवा रंग फिका झाला होता आणि प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके दिसत होते. "डोळे आले," आई म्हणाली. "आठ दिवस धरा." आत्याबाईने लगेच बोटं मोजली. त्या आठवड्यात मी शाळेत शरीराने होते एवढंच.

पाचव्या दिवशी फवारणीवाले आले. दर वर्षी यायचे, पाठीवर पंप घेऊन घराघरांच्या भिंतींवर डासांचं औषध मारायचे. बाबांनी सकाळीच पेटीवर ओलं लुगडं टाकून वर प्लास्टिक बांधलं होतं आणि मला बजावलं होतं की काळजी करू नको. संध्याकाळी मी शाळेतून परत आले तर ओसरीच्या भिंतींवर पांढरे ओघळ आणि घरभर औषधाचा वास. स्वयंपाकघरात मात्र आत्याबाईने त्या लोकांना पाऊल टाकू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि पेटीत पाहिलं तर तळाशी चार-पाच झिंगे आडवे. मला आनंदच झाला. एकदम एवढ्या काती! मग रंग दिसला. कात आरपार असते. हे झिंगे गुलाबीसर पांढरे होते, आत्याबाईच्या कढईतून काढल्यासारखे. मोठी त्यांत होती. लंगडी अजून पाय हलवत होती, पण अंधार पडेपर्यंत तीही गेली. दाणे शेवटपर्यंत पोटाला चिकटलेले होते, आणि त्यातले डोळे मला दिसत होते.

बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. तुमच्याच खात्याने मारले, तुम्ही थांबवू शकला असतात, तुम्हाला साऱ्या जगाचे डास दिसतात पण घरातलं दिसत नाही, अशा चालीचं होतं. आत्याबाईही डोळे पुसत म्हणाली, "औषधच लागलं त्याइले." बाबा चपला काढून खाली बसले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "सुजाता, माह्याकडं रोज शंभर लोकं येतात तापानं फणफणलेले. सारेच म्हणतात हिवताप हाय. मी तसं लिहितो का? काचेवर दिसलं त्याचंच नाव लिहाचं. तू पाहून सांग का औषधानं मेले. मंग मी ऐकून घेईन."

म्हणून तीन बरण्या मांडल्या. सुभद्राबाईकडून सहा नवे झिंगे आले, एकेका बरणीत दोन दोन. चिठ्ठ्या शिताने चिकटवल्या. पहिलीत झिंगे मेले त्याच पेटीतलं पाणी. दुसरीत विहिरीचं ताजं पाणी, आणि ती बरणी उघडीच, फवारलेल्या भिंतीला अगदी टेकवून. तिसरी बरणी माझी खात्रीची. औषधाचा वाराही लागू नये म्हणून ती स्वयंपाकघरात, आणि तिच्यात घरातलं सगळ्यात चांगलं पाणी, म्हणजे त्याच सकाळी लख्ख घासलेल्या गुंडातलं. पहिली मरणार, दुसरी मरणार आणि तिसरी जगणार, असं मी आधीच वहीत लिहूनही टाकलं होतं. बाबांनी ते वाचलं आणि वही मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीतले दोन्ही मेले. भिंतीजवळच्या बरणीतले दोघं मजेत फिरत होते. आणि स्वयंपाकघरातले दोघं तळाशी, तोच शिजलेला रंग. मला वाटलं चिठ्ठ्या बदलल्या. बाबांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. मी चुलीपुढे बसून बाबांना वही दाखवत होते आणि आत्याबाई विळीवर अंबाडी चिरत होती.

"तिसरीत कोनतं पानी होतं वं?" तिने विचारलं.

"तुयाच गुंडातलं."

विळीवरचा हात थांबला. अंबाडीची जुडी तिने बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी फवाऱ्यावाले गेले न, तं मले वाटलं वास पान्यात उतरला असंन. म्हून मी पेटीतलं अर्धं पानी उपसलं, अन गुंड रिकामा केला त्याच्यात. पोटुश्या होत्या ना दोघी. म्हटलं, चांगलं पानी भेटू दे."

बाबांनी माझ्या दंडाला हात लावला, पण मी थांबले नाही. "म्हंजे तूच मारलं त्याइले," मी म्हटलं. आणि वर, "तुले कोनं सांगतलं होतं?"

तिने अंबाडी चिरून पुरी केली, भाजी केली, आम्हाला वाढलं. दुसऱ्या दिवशी गुंड विहिरीच्या कठड्याजवळ पालथा दिसला. घडवंचीवर मातीचा माठ आला होता. मी बाबांची माफी मागितली, ती सोपी गेली, ते डोक्यावर हात ठेवून मोकळे झाले. आत्याबाईशी काय बोलावं ते सुचेना. ती माझ्याशी बोलायची, वेणी घालायची, पण ओसरी झाडताना पेटीपासून हातभर अंतर ठेवून झाडू फिरवायची. काचेवर नाकाचा ठसा उमटेना. पालथ्या गुंडावर काळपट डाग पडत चालले. भिंतीजवळच्या बरणीतल्या दोघांपैकी एकीच्या पोटाखाली दाणे आले, आणि मी ते कोणालाच सांगितलं नाही.

मधल्या शनिवारी आईला येता आलं नव्हतं; पुढच्या शनिवारी ती आली आणि तिला आधी गुंड दिसला. बाबांनी तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "माह्याकडं बाया येतात सुजा, मूल हातचं गेलेल्या. कधी कधी मले मालूम राहते का तिच्याच हातानं काही चुकलं. पुढच्या खेपेसाठी काय करायचं ते मी सांगते. तुयामुळं गेलं, असं म्हनत नाई." एवढंच बोलून ती धुणं धुवायला गेली. त्या रात्री आत्याबाईच्या शेजारच्या अंथरुणावर पडून मला फार लाज वाटली, एवढंच म्हणते.

सकाळी मी गुंड उचलला. तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. चिंच, राख, खरखर. आत्याबाई दारात येऊन पाहत राहिली, पण जवळ आली नाही. तिच्याइतका लख्ख तो काही निघाला नाही. मी त्यात विहिरीचं पाणी भरलं आणि तो स्वयंपाकघरातल्या फडताळाखाली ठेवला, ओसरीपासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी त्यातलं पेलाभर पाणी तिच्यासमोर उभी राहून प्यायले.

"आपल्याले चालते हे," मी म्हटलं. "त्याइले नाई चालत. एवढंच हाय."

तिने पदराने तोंड पुसलं. मग किती दिवसांनी तिचा तो जुना आवाज आला. "काऊन?"

"म्हंजे?"

"आपल्याले चालते तं त्याइले काऊन नाई चालत? त्याइचं पोट काय येगळं हाय?"

मला माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी बहिणीला सरळ सांगितलं. लोक समजतात की या प्रकारानंतर मी प्राणिशास्त्र वगैरे शिकले असेन. नाही, मी टपाल खात्यात शिक्के मारत निवृत्त झाले. पण झिंगे सुटले नाहीत, आजही खिडकीत एक पेटी आहे. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की आपल्या रक्तात लोह असतं तसं झिंग्याच्या रक्तात तांबं असतं. थोडं लागतंच, त्याशिवाय तो जगत नाही. पाण्यातून जरा जास्त गेलं की मरतो. वाचलं तेव्हा पहिली आठवण आत्याबाईची झाली, आणि तिला सांगायला मी जागेवरून उठलेसुद्धा. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

बरणीतली पोटुशी मी धुतलेल्या पेटीत सोडली होती, सगळं पाणी विहिरीचं. दाणे फिके झाले, डोळे आले. एका रविवारी सकाळी मी पेटीपुढे बसले आणि आधी वाटलं काचेवर धूळ बसली आहे. मग ती धूळ उडी मारून बाजूला झाली. काचेला नाक लावलं. तिळाएवढे झिंगे, मिशा असलेले, पाय असलेले, पूर्ण झिंगे, फक्त आरपार. पळसाच्या पानावर चार, शेवाळात सात, आणि पुढे मोजणं जमेना. मी ओरडले नाही, कशाला तरी धक्का लागेल असं वाटलं. हळूच मागच्या दाराशी गेले. आत्याबाई अंगणात गुंड घासत होती, कोपरापर्यंत चिंच आणि राख.

"निंघाले," मी म्हटलं.

ती उठली. दोन पावलं ओसरीकडे आली आणि तिथेच थांबली. परत वळून तिने विहिरीवर हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले, लुगड्याला पुसले, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि तिसऱ्यांदा धुतले. मग पेटीपासून चार हातांवर उभी राहून तिने दोन्ही तळवे माझ्या तोंडापुढे धरले.

"पाह्य बरं," म्हणाली. "वास येते का अजून?"

वास येत होता. चिंचेचा आणि तांब्याचा, लहानपणापासूनचा.

"नाई येत," मी म्हटलं, आणि स्टूल तिच्यापुढे सरकवलं. "बस. नुसतं पाहाचं हाय."

ती बसली. हळूहळू पुढे वाकली आणि तिचं नाक काचेला टेकलं. ती वही माझ्याकडे अजून आहे. बाबांनी शिकवल्याप्रमाणे जे दिसलं तेच तिच्यात लिहिलंय. त्या दिवशीच्या पानावर पिल्लं आहेत, पळसाचं पान आहे, पाणी कुठलं तेही आहे. वासाचं काही लिहिलेलं नाही.